घाटावरचा आकडा

यवत हे पुणे–सोलापूर रस्त्यावरचं गाव. तुकोबांची पालखी इथे काळभैरवनाथाच्या देवळात मुक्काम करते, गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालतं आणि दुसऱ्या दिवशी दिंड्या वरवंडची वाट धरतात. प्रवासी जहाजांच्या तपासणीचा आणि दाखल्याचा कायदा या गावापासून फार लांबचा वाटेल, पण दोन धागे जुळतात. पहिला नुसता नावाचा आहे. कोकणच्या उतारूंसाठी उभी राहिलेली एक स्वदेशी आगबोट कंपनी लोकांच्या तोंडी ‘माझी आगबोट कंपनी’ झाली होती, आणि तिच्या बोटींना संतांची नावं होती. ‘तुकाराम’ ही त्यातली एक, ‘रामदास’ दुसरी. दोन्ही बुडाल्या. दुसरा धागा पाण्याचा. यवतच्या उत्तरेला वाळकी आणि रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते. भीमेचा अलीकडचा काठ दौंडचा, पलीकडचा शिरूरचा. पूल होण्याआधी पावसाळ्यात हे दोन तालुके जोडायला नाव होती आणि नावाडी होता. त्या नावेला कायदा होता का? होता, आणि समुद्रावरच्या बोटीलाही होता. माझं म्हणणं असं की दोन्हींत उणीव एकच राहिली. बोट कशी बांधली आहे हे कायद्याने तज्ज्ञाकडून तपासून घेतलं. पण आज तीत किती माणसं चढली आणि आज हवा कशी आहे, हे पाहणारा माणूस घाटावर उभा केला नाही. माणसं बहुतेकदा बुडाली ती या दुसऱ्या गोष्टीपायी.

नदीपासून सुरुवात करू. मुंबई इलाख्यात नदी ओलांडण्याच्या तरींसाठी १८६८ साली कायदा झाला. तर सरकारी ठरवायची, तिचा ठेका द्यायचा, दर ठरवून द्यायचा, असा त्याचा मुख्य रोख. सुरक्षेचा विचार त्यात मुळीच नव्हता असं म्हणता येणार नाही, पण ज्याने ठेक्याचे पैसे भरले त्याच्याच हाती नावेत माणसं भरण्याचं काम आलं. डोईमागे दाम घेणारा आणि डोकी मोजणारा एकच. आठवड्याच्या बाजारादिवशी काठावर गर्दी जमली, आभाळ भरून आलं, तर अशा माणसाने ‘आता बास’ म्हणावं ही अपेक्षा जरा जास्तच होती. पुढे १९१७ साली देशांतर्गत पाण्यावर चालणाऱ्या आगबोटींचा कायदा आला. तो बराच नेटका होता. सर्व्हेअरने बोट तपासायची, दाखला जास्तीत जास्त एका वर्षाचा, किती उतारू न्यायचे तो आकडा दाखल्यावर लिहायचा आणि दाखल्याची प्रत बोटीवर ठळक जागी लावायची. मात्र हा सगळा नेटकेपणा यंत्राने चालणाऱ्या बोटींपुरता होता. वल्ह्याने चालणारी भीमेवरची होडी त्यातून आपोआप सुटली.

समुद्रावरचा कायदा अधिक श्रीमंत, तरी त्याचीही गोष्ट फार वेगळी नाही. ‘टायटॅनिक’चं उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्यातली एक बाब मात्र क्वचित सांगितली जाते. १९१२ साली ती निघाली तेव्हा तिचे कागद पूर्ण होते. जीवरक्षक होड्या किती हव्यात हे ब्रिटिश नियम जहाजाच्या टनांवरून ठरवत, माणसांवरून नव्हे, आणि ते कोष्टक दहा हजार टनांपाशी थांबलेलं होतं. जहाज शेहेचाळीस हजार टनांचं. २० होड्यांत ११७८ जागा, म्हणजे कायद्याने मागितल्यापेक्षा जास्तच, आणि जहाजावर सुमारे २२०० जीव. यातूनच १९१४ चा समुद्रावरील जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार जन्मला आणि १९२९ साली तो नव्याने झाला. पण आपल्याकडच्या डेकवरच्या उतारूला तो जसाच्या तसा मिळाला नाही. हज यात्रेकरू आणि खाटेविना प्रवास करणारे इतर उतारू नेणाऱ्या जहाजांसाठी १९३१ साली सिमल्याला वेगळे नियम ठरले. कारण व्यवहाराचं होतं: युरोपीय मोजमाप लावलं तर भाडं गरिबाच्या आवाक्याबाहेर जाईल. कारण खोटं नव्हतं. तरी एकाच समुद्रात खाटेवरच्या आणि डेकवरच्या जिवाला दोन मापं लागली, हेही खरं.

‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या बोटी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी एकाच दिवशी कोकण किनाऱ्यावर वादळात गेल्या. त्यानंतर वीस वर्षांनी ‘रामदास’. ही बोट १९३६ साली इंग्लंडातल्या स्वॉन हंटरच्या गोदीत बांधलेली, म्हणजे म्हातारी म्हणावी अशी नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी, अमावास्येच्या सकाळी, ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. बोटीवर सातशेच्या आसपास माणसं होती. काशाच्या खडकाजवळ लाटांनी तिला कलवलं, भेदरलेले उतारू एका बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे बातमी मुंबईला पोचायला दुपार उलटली. मृतांचा आकडा आजही निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा सापडतो. बोटीवर नेमकं कोण आणि किती चढलं याची खातरीची मोजदाद नव्हती, हे त्यावरून उघड होतं. आता, सांगाडा मजबूत होता की नाही याला सर्व्हेअर उत्तर देऊ शकतो. ऐन आषाढात, तशा समुद्रात, इतक्या उतारूंना घेऊन बोट सोडायची का, हा त्याचा प्रश्नच नव्हता. त्याने बोट पाहिली होती. ती सकाळ पाहिली नव्हती.

यावर पहिला आक्षेप येईल की दोष कायद्याचा नाही, अंमलाचा आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली. धडकेचं कारण वेगळं, त्याचा दाखल्याशी संबंध नाही. पण ८४ उतारूंची परवानगी असलेल्या बोटीवर शंभराहून अधिक माणसं होती, हेही तेव्हा बाहेर आलं. अंमल नव्हता, कबूल. पण अंमल करायचा कुणी, कुठे उभं राहून, हे ज्या कायद्यात ठसठशीत नसतं त्याचा अंमल ढिलाच होतो. राज्याच्या सागरी मंडळाचा सर्व्हेअर वर्षाकाठी येतो आणि गर्दी रोज येते. दुसरा आक्षेप गरीब नावाड्याच्या बाजूचा आहे आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. दाखले, फी, जॅकेटं यांचा भार वाढवला तर छोटी होडी बंद पडेल किंवा चोरून चालेल. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे उजनीच्या फुगवट्यातून निघालेली बोट सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली. सातांपैकी एकजण पोहून आला, सहा गेले. रस्त्याने जायचं तर फार मोठा वळसा पडतो म्हणून लोक अशा बोटीत बसतात. हौस म्हणून नव्हे. तिथे सातच माणसं होती, म्हणजे गर्दीचाही प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो वळवाच्या दिवसांत, वारा उठत असताना ‘थांबा’ म्हणणाऱ्याचा. त्या कामाला फी लागत नाही आणि इंजिनाची तपासणीही लागत नाही.

पूल बांधा म्हणजे तर संपली, असंही म्हटलं जातं. पण १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा पूल गर्दीने कोसळला आणि चारजण गेले. पुलालाही पेलण्याची हद्द असते, आणि तिथेही माणसं मोजणारं कुणी नव्हतं. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने १९१७ चा कायदा मोडीत काढला आणि बिनयंत्राच्या होड्यांचाही विचार पहिल्यांदा नीट केला. त्यांची नोंद जिल्हा, तालुका, पंचायत अशा खालच्या पातळीवर सोपवण्याची वाट मोकळी केली. दीडशे वर्षांनी कायदा घाटाच्या इतका जवळ आला. तरी जुन्या खोडीतला एक भाग त्याला चिकटून राहू शकतो. दाखल्याची प्रत बोटीवर लावायची हा रिवाज १९१७ पासूनचा आहे, आणि तो आकडा उतारूला दिसतो तो पाय बोटीत पडल्यावर, मागून दहाजण रेटत असताना. तोच आकडा घाटाच्या पायरीवर, उंबराच्या बुंध्याशी, चुन्याने लिहायला सरकारी सर्व्हेअरची गरज नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई तो लिहू शकतो, आणि माणसं मोजायला त्याच पायरीवर उभाही राहू शकतो.