वरणगाव आयुध निर्माणी

जळगाव जिल्ह्यातील भुसावळ तालुक्यात, भुसावळ–नागपूर लोहमार्गाजवळ असलेला लहान शस्त्रांच्या काडतुसांचा सरकारी कारखाना. चीनशी 1962 मध्ये झालेल्या युद्धानंतर देशात दारूगोळ्याचे उत्पादन वाढवण्यात आले, त्या काळात तो उभा राहिला. 5.56 व 7.62 मिमी. काडतुसे ही त्याची मुख्य उत्पादने होत.

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, ठिणगी देणारी टोपी, दारू आणि गोळी. यांतील सर्वांत कसबाचे काम पुंगळीचे. पितळेची वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात. ओढताना धातू कडक होतो, म्हणून मधूनमधून तो तापवून मऊ करावा लागतो. बार उडताच पुंगळी फुगून नळीच्या घराला घट्ट बसते आणि मागे येणारा वायू अडवते. तिचा दर्जा म्हणजे जवानाची सुरक्षितता. तेथे तडजोड चालत नाही.

वापरलेली पुंगळी पुन्हा भरता येते. अमेरिकेत अनेक नेमबाज घरीच, हातदांड्याच्या बहुटप्पी यंत्रावर हे काम करतात. दांडा ओढला की प्रत्येक पुंगळी पुढच्या टप्प्यावर सरकते. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

1 ऑक्टोबर 2021 पासून वरणगावची निर्माणी पुण्यातील म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे, तर शेजारची भुसावळची निर्माणी नागपूरच्या यंत्र इंडिया लिमिटेडकडे आहे.