कादंबरीच्या बैठकीचं कूळ

पोथी वाचणारा एक आणि ऐकणारी दहा माणसं, ही मराठवाड्यातल्या घरांची जुनी रीत. चातुर्मासात रात्रीची जेवणं आटोपली की चौरंगावरची पोथी रुमालातून सोडायची. ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ किंवा ‘शिवलीलामृत’, ज्या घरी जी असेल ती. एकानं ओव्या म्हणायच्या, अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्याशिम्म्या बायांना अक्षरओळख नसे आणि गोष्ट तर सगळ्यांना पाठ असे. तरीही मध्येच कुणी आजी वाचणाऱ्याला थांबवी. धर्मराज आधी स्वतःलाच हरला होता, मग द्रौपदीला पणाला लावायचा अधिकार त्याला उरला होता का, असा तिचा प्रश्न असे. पोथी तेवढा वेळ थांबे. अध्याय संपून प्रसाद वाटला तरी तो वाद माजघरात चालूच राही.

कादंबरीवर चार जणांनी बसून बोलायची आजची पद्धत मला या चौरंगाशी जोडलेली दिसते. अशा बैठकीला कुणी बुक क्लब म्हणतं आणि ती बाहेरून आली असं धरून चालतं. मला ते पटत नाही. एकच पुस्तक सगळ्यांनी मिळून घ्यायचं, त्यातल्या माणसांचा न्याय करायचा आणि वाचणाऱ्याला जाब विचारायचा, हे तिन्ही इथं आधीपासून होतं. पाठ काटेकोर तपासायची शिस्तही होती. औरंगाबाद शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणात एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती पडताळून शुद्ध पाठ सिद्ध केला. कुठला शब्द मूळचा आणि कुठला मागून घुसलेला, यासाठी एवढं झिजलेल्या माणसाच्या मुलखात वाचनाला बैठकीची सवय लागली नसती तरच नवल.

छापील कादंबरी यायला बराच काळ जावा लागला. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ची, ती ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून क्रमशः आली. पहिलीत विधवांचे हाल, दुसरीत अद्भुताचं रंजन, तिसरीत शिवकाळ. भालचंद्र नेमाडे यांनी पुढं मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती दाखवल्या त्या याच तिघींवरून.

चर्चेला खरा रंग भरला तो १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढल्यावर. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी त्यातून हप्त्याहप्त्यानं येऊ लागली. तिची नायिका यमू आपली कहाणी स्वतः सांगते आणि ती आठवड्याला थोडीशीच कळते. मधल्या दिवसांत वाचणाऱ्याला दुसऱ्याशी बोलल्यावाचून राहवेल कसं? काशीबाई कानिटकर आणि हरिभाऊ यांचा पत्रव्यवहार याच काळातला. एक बाई एका लेखकाशी लेखनाबद्दल बरोबरीनं बोलते, ही गोष्ट त्या काळच्या पुण्याला पचणारी नव्हती. काशीबाईंनी ती निभावली आणि हरिभाऊंनी तिची कदर केली. मराठी कादंबरीच्या बैठकीतला पहिला मोठा वाचक कोण, असं विचारलं तर मी काशीबाईंचं नाव घेईन. १९०२ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला, युरोपातल्या मोठ्या कादंबऱ्या समोर ठेवून आपल्या कादंबरीची झडती घेतली. पण तो एकट्यानं बसून केलेला विचार. काशीबाईंच्या पत्रांत समोर दुसरं माणूस आहे.

इथं, निजामाच्या राज्यात, ही पुस्तकं उशिरा आणि तुटकपणे पोचत होती. अहमदनगरला १८३८मध्ये, नाशिकला १८४०मध्ये, पुण्याला १८४८मध्ये सार्वजनिक वाचनालयं उभी राहिली. मराठवाड्यात परभणीचं गणेश वाचनालय निघालं १९०१मध्ये. मधली साठ वर्षं कुठं गेली याचं उत्तर राज्यकारभारात आहे. सरकारदरबारची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू, मराठी शाळा काढायची तर नाना अडचणी. औरंगाबादेत १९१५ साली सरस्वती भुवन शाळा सुरू झाली ती याच अडचणींतून वाट काढत. सभा घ्यायची तर आधी परवानगी मागावी लागे. अशा वेळी वाचनालय हे चार माणसं एकत्र बसायचं निर्धोक ठिकाण ठरलं. टेबलावर वर्तमानपत्र आणि कादंबरी, बोलणं मात्र राज्याचं. १९३७ साली निजाम राज्यातली मराठी साहित्य परिषद स्थापन झाली, तिचीच पुढं मराठवाडा साहित्य परिषद झाली, तीही याच गरजेतून. वाङ्मयाच्या नावानं जमायचं आणि जमल्यावर आपण कोण हे ओळखायचं. म्हणूनच इथल्या वाचकाला कादंबरी नुसती करमणुकीची वाटली नाही. परभणीच्या बी. रघुनाथांनी निजामी अमलातली माणसं कादंबऱ्यांत आणली तेव्हा वाचणाऱ्याला आपलाच गाव दिसला. सरकारी नोकरी करत लिहिणारा हा लेखक ७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीतच गेला. त्याच्या स्मृतिदिनी शहरात पुरस्कारसोहळा होतो, लेखकाला ऐकायला माणसं येतात, ही या कुळातलीच एक रीत.

या कुळाची दुसरी शाखा उर्दूची आहे आणि मराठी वाचक तिच्याकडे फारसा वळत नाही याची मला खंत आहे. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचं काम औरंगाबादेत आणलं आणि १९३८मध्ये ते दिल्लीला हलेपर्यंत सुमारे पाव शतक हे शहर उर्दू ग्रंथसंशोधनाचं केंद्र होतं. मुल्ला वजहीचा ‘सब रस’, गोवळकोंड्याच्या दरबारात १६३५ साली लिहिलेला दखनी गद्यातला कथाग्रंथ, अब्दुल हकांनी शोधून काढून १९३२मध्ये अंजुमनतर्फे छापला. विस्मरणात गेलेली गोष्ट जुन्या पोथीतून बाहेर काढून वाचकांच्या हाती द्यायची, हे पैठणच्या कामाचंच दुसरं रूप. दोन्ही कामं एकाच जिल्ह्यात झाली.

हैदराबाद मुक्त झालं १७ सप्टेंबर १९४८ला आणि पुढच्या दहा वर्षांत शहराचं रूप पालटलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५०मध्ये इथं महाविद्यालय काढलं, तेच नागसेनवनातलं मिलिंद. १९५८मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं. ज्या घरांत आधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, त्या घरांतली मुलं आता वसतिगृहात राहून कादंबऱ्या वाचू लागली. इथं बैठकीच्या प्रश्नाला नवी धार आली. पोथीपुढच्या आजीचा प्रश्न होता, हे बरोबर झालं का? वाचनालयातल्या माणसाचा प्रश्न होता, हे आपलं आहे का? नागसेनवनातल्या मुलानं विचारलं, या एवढ्या पुस्तकांत माझी वस्ती कुठं आहे? अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९मध्ये आली होती. दुष्काळात खजिना लुटून माणसं जगवणारा मांग नायक तिच्यात होता. बाकी कपाट मात्र रिकामंच दिसत होतं. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक या शहरातून चालवलं आणि त्याचे मेळावे भरवले. त्या मेळाव्यांना लेखक-वाचक मेळावे म्हणत. वाचकाला लेखकाच्या शेजारची खुर्ची देणारं हे नाव मला फार महत्त्वाचं वाटतं. लिहिणारा आणि वाचणारा एकाच वस्तीतून आले होते, तेव्हा वाचणारा गप्प बसणार नव्हता.

विद्यापीठाच्या बाजूला वा. ल. कुलकर्णी आणि सुधीर रसाळ यांच्यासारखे कृती बारकाईनं वाचणारे समीक्षक होते. नांदेडहून नरहर कुरुंदकर यायचे. त्यांचं ‘धार आणि काठ’ (१९७१) म्हणजे मराठी कादंबरीच्या वाटचालीशी केलेली एक दीर्घ चर्चाच. कुरुंदकरांचं व्याख्यान ज्यांनी ऐकलं ते सांगतात की लेखकाचा मोठेपणा मान्य करून मग त्याला प्रश्न कसे विचारायचे, हे त्यांच्याकडून शिकावं. १० फेब्रुवारी १९८२ रोजी याच शहरात, व्यासपीठावरच, त्यांचा अंत झाला. वयाची पन्नाशीही झाली नव्हती. ‘कोसला’ लिहून (१९६३) गाजलेले नेमाडे या विद्यापीठात इंग्रजी शिकवायला होते. मराठी कादंबरीवरचा त्यांचा विचार ज्यात आहे ते ‘टीकास्वयंवर’ १९९०मध्ये इथल्याच साकेत प्रकाशनानं काढलं. नेमाड्यांशी सहमत होणं अनेकांना अवघड जातं, मलाही जातं. पण कादंबरी हा वेळ घालवायचा प्रकार नव्हे, समाजानं स्वतःची केलेली तपासणी आहे, हे त्यांनी एका पिढीच्या मनावर ठसवलं.

आता आमची बैठक प्रत्यक्ष कशी चालते ते सांगतो. आम्ही एकदा रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) घेतली होती. बोराडे काटगावचे, वैजापूरला प्राचार्य होते, नंतर याच शहरात राहिले. २०२५च्या फेब्रुवारीत ते गेले. एका खेड्यातल्या शिंप्याच्या घराची वाताहत त्या घरातलीच बाई सांगते, एवढीच गोष्ट. वाचून सगळेच आले होते, पण बोलणं निघेना. मग लातूरकडच्या एका बाईंनी पुस्तक हातात घेतलं आणि दोन पानं मोठ्यानं वाचली. मनातल्या मनात वाचताना जी बोली आम्हाला अडखळवत होती ती त्यांच्या तोंडून आली तेव्हा घरातलं माणूस बोलावं तशी आली. हेल, थांबणं, वाक्य अर्धवट सोडणं, सगळं जागच्या जागी बसलं. त्यानंतर वाद पेटला. निवृत्त शिक्षक असलेले एक काका म्हणाले, “एवढं कळतंय तिला, तर नवऱ्याला आवरत का नाही?” बँकेतली मुलगी म्हणाली, “काका, घरात तिचं ऐकतंय कोण? म्हणून तर आपल्याला सांगतीय.” काकांना ते लगेच पटलं नाही. त्यांनी पुस्तक उघडून जागा काढल्या, तिनं दुसऱ्या काढल्या. चहा दोनदा झाला.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली आहे. ‘पाचोळा’ पुरुषानं लिहिलेली, सांगणारी बाई. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ तशीच. आणि हरिभाऊंनी यमूला बोलतं केल्यावर दहा वर्षांच्या आत, १८९९मध्ये, लखनौच्या मिर्झा हादी रुसवा यांनी ‘उमराव जान अदा’ लिहिली. तिथंही पळवून नेऊन कोठ्यावर विकलेली मुलगी आपलं सबंध आयुष्य स्वतःच्या तोंडानं सांगते. एक पुण्याच्या वाड्यात कोंडलेली, दुसरी कोठ्यावर. दोघींचं ऐकून घ्यायला दोन भाषांतले दोन पुरुष जवळपास एकाच वेळी बसले होते. हा योगायोग होता की त्या काळाचीच ती गरज होती, यावर आपल्या शहराइतकं बोलायचा हक्क आणि सोय कुणाला आहे? औरंगपुऱ्याकडचे मराठी वाचक आणि जुन्या शहरातले उर्दू वाचक यांच्यात फार अंतर नाही. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत आज रीड अँड लीड फाउंडेशनसारख्या संस्थेनं मुलांची वाचनालयं उघडली आहेत. त्या मुलांच्या आयांना, आज्यांना यमूची गोष्ट सांगावी आणि त्यांच्याकडून उमरावची मूळ उर्दूत ऐकावी, अशी माझी फार इच्छा आहे. रुसव्यांची कादंबरी देवनागरीतही मिळते, हरिभाऊंची कुठल्याही चांगल्या वाचनालयात सापडते. दोन्ही वाचायला दोन महिने पुरतात. काकांनी ‘उमराव’ सुरू केली आहे आणि बँकेतल्या मुलीनं तिच्या ऑफिसातल्या दोघी उर्दू वाचणाऱ्या मैत्रिणींना विचारलं आहे. त्यांनी बैठकीसाठी रविवारऐवजी शनिवार मागितला आहे, तेवढं जमवतो आहोत.