सभासद-नियमन (सहकारी संस्थांतील)

सहकारी संस्थेत कोणाला सभासद करून घ्यावे, सभासदाने संस्थेशी व इतर सभासदांशी कसे वागावे, कोणती किमान कर्तव्ये पार पाडावीत आणि संस्थेला बाधक असे वर्तन घडल्यास त्याच्यावर कोणत्या रीतीने कारवाई व्हावी, हे ठरविणारे कायदे, उपविधी व संकेत यांना मिळून सभासद-नियमन म्हणता येते. कंपनीच्या भागधारकाचा कंपनीशी संबंध बहुतेक वेळा गुंतविलेल्या भांडवलापुरता असतो. सहकारी संस्थेचा सभासद मात्र एकाच वेळी तिचा मालक, मतदार आणि ग्राहक किंवा पुरवठादार असतो. आपला ऊस दुसऱ्या कारखान्याला घालणारा शेतकरी, कर्ज थकविणारा पतसंस्थेचा सभासद किंवा देखभाल-खर्च न भरणारा गाळेधारक यांचे वर्तन त्यामुळे खाजगी बाब राहत नाही, तर त्याचा भार इतर सभासदांवर पडतो. उपविधी म्हणजे संस्थेने स्वतःसाठी केलेले व निबंधकाने नोंदविलेले नियम. जुन्या लेखनात त्यांनाच पोटनियम म्हटले जाई.

सहकाराच्या इतिहासात सभासदांच्या वर्तनाचा विचार प्रारंभापासूनच आढळतो. इंग्लंडमधील रॉचडेल येथे २८ जणांनी १८४४ मध्ये जे सहकारी भांडार काढले, त्याने रोखीनेच खरेदी करण्याचा आणि भाग कितीही असले तरी सभासदाला एकच मत देण्याचा दंडक घातला. उधारीवर बंदी हा व्यवहाराचा नियम दिसत असला, तरी एका सभासदाच्या थकबाकीने सर्वांचे भांडवल अडकू नये हा त्यामागचा हेतू असल्याने तो मूलतः वर्तनाचाच नियम होता. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ मध्ये मँचेस्टर येथे सहकाराची सात तत्त्वे नव्याने मांडली, त्यांत ऐच्छिक व खुले सभासदत्व, सभासदांचे लोकशाही नियंत्रण आणि सभासद-शिक्षण यांचा समावेश आहे.

भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ मध्ये झाला आणि तत्कालीन मुंबई इलाख्यात, आज कर्नाटकात असलेल्या कणगिनहाळ या गावी, १९०५ मध्ये त्याखालील आरंभीची संस्था स्थापन झाली. मुंबईत गावदेवी येथे १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. एकमेकांना ओळखणाऱ्या, बहुधा एकाच गावच्या किंवा ज्ञातीच्या माणसांनी काढलेल्या या संस्थांमध्ये शिस्त राखण्याचे काम लेखी नियमांपेक्षा परिचय आणि लोकलज्जा यांनीच अधिक केले. सभासदसंख्या हजारांत गेल्यावर, विशेषतः स्वातंत्र्योत्तर काळातील साखर कारखाने व जिल्हा बँका यांत, हा आधार पुरेसा राहिला नाही. मुंबई सहकारी संस्था अधिनियम, १९२५ नंतर आलेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला आणि सभासद-नियमनाची आजची चौकट मुख्यतः त्यावरच उभी आहे.

सभासदत्व खुले असावे असे हा अधिनियम सांगतो. पात्र व्यक्तीला पुरेशा कारणावाचून प्रवेश नाकारता येत नाही. नाकारल्यास कारणे कळवावी लागतात, आणि अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने कोणताच निर्णय कळविला नाही तर अर्जदाराला सभासद करून घेतले असे मानले जाते. विरोधकांचे अर्ज वर्षानुवर्षे बासनात बांधून ठेवण्याची सत्ताधारी गटांची रीत मोडण्यासाठी ही तरतूद किती मोलाची आहे, हे तालुक्याच्या सहकारी राजकारणाचा परिचय असणाऱ्यास सांगावे लागत नाही. मात्र पात्रता कोणी ठरवायची हा प्रश्न शिल्लक राहतो. १९२५ च्या मुंबई कायद्याखाली नोंदलेल्या अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशी समाजापुरते मर्यादित ठेवले होते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उपविधी वैध ठरविला. संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्यात आपले सहकारी निवडण्याचे स्वातंत्र्यही येते आणि उपविधी हा सभासदांना बांधणारा करार आहे, असा त्यामागील विचार होता. कायद्याच्या चौकटीत हा निर्णय सुसंगत आहे. तरीही घरासारख्या मूलभूत गरजेच्या बाबतीत समाजाधिष्ठित प्रवेशाची मुभा खुल्या सभासदत्वाच्या तत्त्वाशी जुळत नाही, हा त्यावरील आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

सभासदाच्या कर्तव्यांबाबत सर्वांत मोठा बदल ९७ व्या घटनादुरुस्तीमुळे झाला. १५ फेब्रुवारी २०१२ पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करण्याच्या हक्काला मूलभूत हक्कांत स्थान दिले आणि संविधानात सहकारी संस्थांविषयीचा नवा भाग घातला. सभासदांची सभांतील किमान उपस्थिती व संस्थेच्या सेवांचा किमान वापर यांविषयी नियम करण्याची मुभा त्यात राज्यांना देण्यात आली. तिला अनुसरून महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपला अधिनियम सुधारला व ‘क्रियाशील सभासद’ ही संकल्पना आणली. पाच वर्षांच्या काळात निदान एका सर्वसाधारण सभेला उपस्थित राहणे आणि उपविधींत सांगितलेल्या किमान प्रमाणात संस्थेच्या सेवा घेणे ही क्रियाशीलतेची कसोटी ठरली. तिला न उतरणारा सभासद अक्रियाशील ठरून मतदानाला मुकतो आणि पुढेही तसाच राहिला तर काढून टाकला जाण्यास पात्र होतो, अशी ही योजना होती.

या सुधारणेमागचे कारण खरे होते. अनेक संस्थांच्या याद्यांत मयत सभासदांची नावे वारसनोंद न होता तशीच राहिलेली असत, काही सभासद केवळ निवडणुकीपुरते जमविलेले असत, आणि ज्यांनी कधी ऊस घातला नाही किंवा कर्ज उचलले नाही अशांच्या मतांवर संचालक निवडून येत. परंतु उपाय राबविण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे गेली, त्यांच्यापैकी काहींना त्याचा गैरवापर करणे अवघड नव्हते. सभेची नोटीस वेळेत न पोचविणे, हजेरीपुस्तकात सही घेण्याचे टाळणे किंवा एखाद्याच्या उसाची तोड मुद्दाम लांबविणे यांसारख्या मार्गांनी नको असलेल्या सभासदाला अक्रियाशील ठरविता येते. उपस्थितीची अट न्याय्य ठरण्यासाठी उपस्थितीची संधी खात्रीने मिळाल्याचा पुरावा संस्थेनेच द्यावयास हवा. सिद्धतेचा हा भार सभासदावर टाकला की शिस्तीचा नियम हेव्यादाव्याचे हत्यार बनतो. या तरतुदीचा पुढे राज्यात वारंवार फेरविचार झाला, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

सभासदाला काढून टाकणे ही नियमनातील सर्वांत कठोर कारवाई होय. अधिनियमाच्या कलम ३५ नुसार त्यासाठी खास बोलाविलेल्या सर्वसाधारण सभेत, उपस्थित व मतदानास पात्र अशा सभासदांपैकी किमान तीनचतुर्थांश सभासदांनी ठराव संमत करावा लागतो. संबंधित सभासदाला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. आणि निबंधकाने मान्यता दिल्याखेरीज ठराव अमलात येत नाही. थकबाकी सतत ठेवणे, खोटी माहिती देऊन संस्थेची फसवणूक करणे, संस्थेची पत जाणूनबुजून घालविणे यांसारखी कारणे नियमांत दिलेली आहेत. काढलेल्या सभासदाला सामान्यतः एक वर्षापर्यंत पुन्हा प्रवेश मिळत नाही. येथे ‘संस्थेच्या हिताला बाधक कृती’ या शब्दप्रयोगाचा अर्थ कळीचा ठरतो. हिशेबावर प्रश्न विचारणे, माहितीच्या प्रतींसाठी अर्ज करणे किंवा निबंधकाकडे तक्रार नेणे या गोष्टी समितीला त्रासदायक वाटल्या तरी त्या संस्थेला बाधक ठरत नाहीत. समिती आणि संस्था यांतील हा भेद पुसला गेला की सभासद-नियमनाचा पायाच ढासळतो.

संघटनेने आपल्या सदस्याला शिक्षा करताना कोणती पथ्ये पाळावीत, यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दिलेला एक निर्णय मार्गदर्शक मानला जातो. तो बेळगावच्या लॉज व्हिक्टोरिया या फ्रीमेसन संघटनेतून एका सदस्याला काढून टाकल्याबाबत होता. संघटनेच्या नियमांचे काटेकोर पालन व्हावे, कारवाई प्रामाणिक हेतूने व्हावी आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप कळून उत्तर देण्याची रास्त संधी मिळावी, अशा अटी न्यायालयाने सांगितल्या. मात्र अशा अंतर्गत चौकशीत न्यायालयासारखी तांत्रिक प्रक्रिया अपेक्षित नसते, हेही स्पष्ट केले. नैसर्गिक न्याय म्हणून ओळखली जाणारी ही तत्त्वे (म्हणणे ऐकल्यावाचून शिक्षा नको आणि कोणी स्वतःच्या तंट्यात न्यायाधीश नको) सहकारी संस्थांना अधिकच लागू पडतात, कारण तेथे सभासदत्वासोबत राहते घर किंवा शेतमालाची बाजारपेठही जाऊ शकते.

वर्तनाचे नियम सामान्य सभासदापेक्षा पदाधिकाऱ्यावर अधिक कडक असले पाहिजेत, हे तत्त्व कायद्याने तत्त्वतः स्वीकारले आहे. थकबाकीदाराला समितीवर राहता येत नाही. गृहनिर्माण संस्थेत लेखी मागणीची नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत देणे न भरणारा थकबाकीदार समजला जातो. २०१३ च्या सुधारणेने निवडणुका समितीच्या हातून काढून राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे दिल्या आणि सभासद, पदाधिकारी व सेवक यांच्या प्रशिक्षणाची तरतूद केली. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले, त्याने सहयोगी, संयुक्त व तात्पुरता सभासद यांचे हक्क वेगवेगळे केले आणि २५० पर्यंत सभासद असलेल्या संस्थांना आपली निवडणूक स्वतः घेण्याची मोकळीक दिली. लहान संस्थांवरील निवडणूक-खर्चाचा बोजा त्यामुळे हलका झाला.

घटनादुरुस्तीतील सहकाराचा नवा भाग सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी, निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतली नव्हती या कारणावरून, राज्यांतर्गत संस्थांपुरता रद्द केला. बहुराज्यीय संस्थांपुरता तो कायम राहिला. सहकार हा राज्यसूचीतील विषय असल्याने महाराष्ट्राने स्वतःच्या अधिकारात केलेले बदल मात्र या निर्णयाने आपोआप रद्द झाले नाहीत. बहुराज्यीय संस्थांच्या कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या सुधारणेने सभासदांच्या तक्रारींसाठी सहकार लोकपालाची व्यवस्था केली. गोव्यात दीर्घकाळ महाराष्ट्राचाच अधिनियम लागू होता. त्याची जागा २००१ च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्याने घेतली.

शंभर वर्षांहून अधिक काळाच्या या वाटचालीत सुधारणांचा ओघ निबंधक, प्राधिकरण, लोकपाल अशा बाहेरच्या यंत्रणा वाढविण्याकडे राहिला आहे. संचालकांच्या मनमानीला आळा घालण्यास त्यांचा उपयोग झाला, परंतु सर्वसाधारण सभा त्यामुळे सबळ झाली नाही. मोठ्या कारखान्यांच्या व बँकांच्या वार्षिक सभांत विषयपत्रिका वाचून संपण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’ असा घोष होऊन सभा गुंडाळली जाते, हे दृश्य महाराष्ट्राला परके नाही. ज्या सभेने सभासदाला काढण्याचा ठराव करावयाचा आणि समितीला जाब विचारावयाचा, तीच नावापुरती उरली तर आचारसंहिता कितीही चांगली लिहिलेली असली तरी ती सत्ताधाऱ्यांच्या सोयीने वापरली जाणार. यावर कायद्यातच एक साधा उपाय आहे, जो फार थोड्या संस्थांत वापरला जातो: एकूण सभासदांपैकी एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर समितीला एका महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते.