विषम वर्षांचा कौल

व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी ही अमेरिकेतली दोन राज्ये आपला गव्हर्नर अध्यक्षीय निवडणुकीनंतर बरोबर एका वर्षाने निवडतात. केंटकी, मिसिसिपी आणि लुइझियाना या राज्यांत हेच मतदान अध्यक्षीय निवडणुकीच्या आदल्या वर्षी होते. न्यूयॉर्कसारख्या अनेक शहरांचे महापौरही विषम वर्षात निवडले जातात. काँग्रेसच्या नियमित निवडणुका सम वर्षांत होत असल्यामुळे या निकालांनी वॉशिंग्टनमधल्या सत्तेचे गणित सहसा बदलत नाही. तरीही दोन्ही पक्ष त्यांच्याकडे डोळे लावून बसतात. पुढचे भाकीत म्हणून हे निकाल बेभरवशाचे ठरले आहेत; पक्षांचे वागणे मात्र त्यांनी वारंवार बदलले आहे.

हे वेळापत्रक कोणी एका बैठकीत ठरवलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रत्येक राज्य आपल्या सोयीने मतदान घेई. अध्यक्षीय निवडणुकीसाठी नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा एकच दिवस १८४५ च्या कायद्याने ठरला. प्रतिनिधीगृहासाठी तोच दिवस १८७२ च्या कायद्याने लागू झाला. मेन राज्य मात्र आपल्या राज्यपातळीवरच्या निवडणुका सप्टेंबरातच घेत राहिले. १८४० मध्ये तिथे व्हिग पक्षाचा गव्हर्नर निवडून आला आणि दोन महिन्यांनी त्याच पक्षाचे विल्यम हेन्री हॅरिसन अध्यक्षपदी निवडून आले. तेव्हापासून मेन जाईल तिकडे देश जातो, असा समज रूढ झाला. १९३६ च्या सप्टेंबरात मेनने रिपब्लिकनांना विजयी केले आणि नोव्हेंबरात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. विरोधात गेली ती फक्त मेन आणि व्हरमाँट. तो समज त्या दिवशी संपला. १९५८ नंतर मेननेही सप्टेंबरातले मतदान सोडले आणि आगाऊ संकेत देणारी राज्ये म्हणून लोक व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीकडे पाहू लागले.

व्हर्जिनियाचे विषम वर्ष यादवी युद्धाच्या पश्चात पक्के झाले. संघराज्यात परत येण्यासाठी राज्याला नवी राज्यघटना मंजूर करून घ्यावी लागली. जुलै १८६९ मध्ये घटनेवर आणि गव्हर्नरपदासाठी एकत्रच मतदान झाले. तिथून मोजलेली चार-चार वर्षांची साखळी २०२५ पर्यंत अखंड आली आहे. न्यू जर्सीची गोष्ट बरीच अलीकडची. १९४७ च्या उन्हाळ्यात रटगर्स विद्यापीठात तिथल्या घटना परिषदेने नवी राज्यघटना लिहिली. गव्हर्नरची मुदत तीन वर्षांची होती, ती चार वर्षांची झाली. नव्या घटनेनुसार पहिली निवडणूक १९४९ मध्ये झाली आणि राज्याची निवडणूक अध्यक्षीय वर्षापासून कायमची वेगळी राहिली.

शहरांच्या बाबतीत तर हे अंतर ठरवून राखले गेले. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलसारख्या पक्षयंत्रणांनी नगरपालिका गिळल्या होत्या. अध्यक्षाच्या नावावर पडणारी मते त्याच चिठ्ठीवर महापौरालाही मिळत, ही सुधारकांची मोठी तक्रार होती. न्यूयॉर्क राज्याच्या १८९४ च्या घटनेने शहरांच्या निवडणुका विषम वर्षांत ढकलल्या. राष्ट्रीय राजकारणाच्या लाटेपासून शहराचा कारभार दूर राहावा, हा हेतू प्रामाणिक होता. त्याची किंमत मात्र मतदानाच्या घसरणीत मोजावी लागली, आणि ती अजूनही मोजली जाते आहे.

व्हर्जिनियाला आजची ख्याती मिळाली ती १९७७ पासून. त्या वर्षी जिमी कार्टर अध्यक्ष असताना तिथे रिपब्लिकन गव्हर्नर निवडून आला. रेगन आणि थोरले बुश यांच्या काळात डेमोक्रॅट, क्लिंटन यांच्या काळात रिपब्लिकन, धाकट्या बुश यांच्या काळात डेमोक्रॅट, ओबामा येताच पुन्हा रिपब्लिकन. १९७७ ते २००९ या काळात लागोपाठ नऊ वेळा अध्यक्षाच्या पक्षाने व्हर्जिनिया गमावले. २०१३ मध्ये टेरी मॅकऑलिफ यांनी ही साखळी निसटत्या फरकाने तोडली. २०१७, २०२१ आणि २०२५ मध्ये ती पुन्हा जुळली. न्यू जर्सीतही १९८९ नंतर २०२१ चा एक अपवाद सोडला तर असेच घडत आले आहे.

याचे मुख्य कारण मतदानाला कोण येतो, हे आहे. व्हर्जिनियात २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे ७४ टक्के मतदानाला आले. पुढच्याच वर्षी गव्हर्नर निवडताना सुमारे ४० टक्के आले. जिंकलेल्या पक्षाचा मतदार समाधानाने किंवा थोड्या भ्रमनिरासाने घरी बसतो आणि हरलेल्या पक्षाचा मतदार चिडून बाहेर पडतो. व्हर्जिनियात आणखी एक गोष्ट घडते. तिथल्या गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नाही, आणि असा नियम उरलेले ते देशातले एकमेव राज्य आहे. गादीवर बसलेला ओळखीचा चेहरा समोर नसल्यामुळे राष्ट्रीय राजकारणाचा वारा तिथे जास्त जोरात लागतो. शिवाय राज्याच्या उत्तर भागात केंद्र सरकारचे हजारो कर्मचारी राहतात. वॉशिंग्टनमध्ये कामकाज ठप्प झाले की त्यांचा पगार थांबतो. २०१३ आणि २०२५ या दोन्ही वर्षी ऑक्टोबरात तसेच झाले होते.

मग पुढच्या वर्षीच्या काँग्रेस निवडणुकीचा अंदाज यावरून येतो का? १९९३ मध्ये दोन्ही राज्ये रिपब्लिकनांकडे गेली आणि १९९४ मध्ये त्यांनी प्रतिनिधीगृहात ५४ जागा वाढवून चाळीस वर्षांनी बहुमत मिळवले. २००५ मध्ये दोन्हीकडे डेमोक्रॅट आले आणि २००६ मध्ये काँग्रेसची दोन्ही सभागृहे त्यांच्याकडे गेली. २००९ नंतर २०१० मध्ये रिपब्लिकनांच्या ६३ जागा वाढल्या. इथवर हिशेब जुळतो. पण १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांच्या पक्षाने दोन्ही राज्ये राखली आणि वर्षभरात प्रतिनिधीगृहातल्या ४७ जागा गमावल्या. १९९७ मध्ये रिपब्लिकनांनी दोन्ही राज्ये जिंकली, तर १९९८ मध्ये क्लिंटन यांच्या पक्षाच्याच पाच जागा वाढल्या. २००१ मध्ये डेमोक्रॅटांनी दोन्ही जिंकली, पण ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या वातावरणात २००२ ची निवडणूक बुश यांच्या पक्षाने जिंकली. जिथे हिशेब जुळतो तिथेही श्रेय या दोन राज्यांना कितपत द्यायचे, हा प्रश्नच आहे. काँग्रेसच्या निवडणुकीत अध्यक्षाचा पक्ष एरवीही बहुतेक वेळा जागा गमावतो.

पक्षांचे वागणे कसे बदलते, ते पाहायचे तर १९९१ च्या पेनसिल्व्हेनियाइतके चांगले उदाहरण नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये रिपब्लिकन सिनेटर जॉन हाइन्झ विमान अपघातात गेले. रिकाम्या जागी डेमोक्रॅटिक गव्हर्नरांनी हॅरिस वॉफर्ड यांची नेमणूक केली. नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्यासमोर रिचर्ड थॉर्नबर्ग उभे राहिले. ते राज्याचे माजी गव्हर्नर होते आणि या लढतीसाठी त्यांनी अमेरिकेचे ॲटर्नी जनरलपद सोडले होते. सुरुवातीच्या चाचण्यांत ते ४० टक्क्यांहून अधिक मतांनी पुढे होते. वॉफर्ड यांनी आरोग्यविमा हा एक मुद्दा घट्ट धरला: गुन्हेगाराला वकील मिळण्याचा हक्क असेल, तर आजारी कामगाराला डॉक्टर मिळण्याचा हक्क का नाही? मंदीत विमा गमावण्याच्या धास्तीत असलेल्या कुटुंबांना हा प्रश्न थेट भिडला. वॉफर्ड सुमारे दहा टक्क्यांच्या फरकाने जिंकले.

त्या निकालाने सिनेटमधली फक्त एक जागा ठरली, पण पडसाद लगेच उमटले. त्याच सुमारास अध्यक्ष थोरले बुश यांनी आपला नियोजित आशिया दौरा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले; परराष्ट्र धोरणात रमलेला अध्यक्ष घरच्या प्रश्नांकडे पाहत नाही, ही टीका त्यांना झोंबली होती. वॉफर्ड यांची मोहीम चालवणारे जेम्स कारव्हिल आणि पॉल बेगाला बिल क्लिंटन यांच्याकडे गेले. आरोग्यसेवा १९९२ च्या प्रचारात आणि नंतर क्लिंटन सरकारच्या कामात अग्रस्थानी आली. तिची योजना १९९४ मध्ये काँग्रेसमध्ये कोसळली, आणि त्याच वर्षी वॉफर्डही रिक सँटोरम यांच्याकडून हरले. विषम वर्षाने मुद्दा दिला. तो तडीस नेण्याचे बळ त्याला देता आले नाही.

१९८९ मध्येही असेच झाले होते. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेबस्टर खटल्यात गर्भपातावर निर्बंध आणण्याची राज्यांची मुभा वाढवली. नोव्हेंबरात व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर आणि न्यू जर्सीत जिम फ्लोरिओ यांनी गर्भपाताच्या हक्काची बाजू घेऊन विजय मिळवला. वाइल्डर सात हजारांहूनही कमी मतांनी जिंकले आणि अमेरिकेतले पहिले निर्वाचित कृष्णवर्णीय गव्हर्नर झाले. त्यानंतर रिपब्लिकन पक्षाध्यक्ष ली ॲटवॉटर यांना, या प्रश्नावर वेगळे मत असणाऱ्यांनाही पक्षात जागा आहे, असे जाहीरपणे सांगावे लागले. चारच वर्षांनी फ्लोरिओ आपल्या करवाढीपायी क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांच्याकडून हरले. प्राप्तिकर ३० टक्क्यांनी कमी करण्याचे व्हिटमन यांचे आश्वासन रिपब्लिकन पक्षाने देशभर मिरवले, आणि १९९५ मध्ये अध्यक्षांच्या वार्षिक भाषणाला पक्षाचे उत्तर देण्याचा मान त्यांनाच मिळाला.

२०२१ चा धक्का वेगळ्या दिशेने बसला. शाळेने काय शिकवावे हे पालकांनी सांगू नये, अशा आशयाचे विधान मॅकऑलिफ यांनी वादविवादात केले. ग्लेन यंगकिन यांनी ते प्रचाराच्या शेवटापर्यंत सोडले नाही आणि जिंकले. हा निकाल २ नोव्हेंबरचा. रस्ते, पूल आणि पायाभूत सुविधांचे जे विधेयक डेमोक्रॅटांच्या आपसातल्या भांडणात महिनोन्‌महिने अडकले होते, ते प्रतिनिधीगृहाने ५ नोव्हेंबरच्या रात्री मंजूर केले. पराभवाने पक्षाला शिस्त लावली, ती अशी. पुढे जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि वारा फिरला. त्या नोव्हेंबरातल्या काँग्रेस निवडणुकीत रिपब्लिकनांना प्रतिनिधीगृह मिळाले ते अगदी थोड्या बहुमताने, आणि सिनेटमध्ये त्यांची एक जागा कमीच झाली.

खालच्या थरातले बदल मात्र जास्त टिकाऊ असतात, आणि बातम्यांत त्यांना सर्वांत कमी जागा मिळते. २०१७ मध्ये व्हर्जिनियाच्या १०० जागांच्या कनिष्ठ सभागृहात डेमोक्रॅटांनी एकदम १५ जागा वाढवल्या. न्यूपोर्ट न्यूज इथल्या एका मतदारसंघात दोन्ही उमेदवारांना प्रत्येकी ११,६०८ मते पडली. जानेवारी २०१८ मध्ये एका वाडग्यातून चिठ्ठी काढून निर्णय झाला. ती रिपब्लिकन उमेदवाराच्या नावाची निघाली आणि सभागृहाचे बहुमत ५१ विरुद्ध ४९ असे त्या पक्षाकडेच राहिले. दोन वर्षांनी हरलेल्या उमेदवाराने तीच जागा जिंकली आणि राज्याचे विधिमंडळही डेमोक्रॅटांकडे गेले.

अशा निकालांनंतर राजकारणी आपापला हिशेब मांडू लागतात. २०१७ चे मतदान सुरू असतानाच न्यू जर्सीतले एक रिपब्लिकन काँग्रेस सदस्य निवृत्ती जाहीर करून मोकळे झाले. जानेवारीत खर्चविषयक समितीचे बलाढ्य अध्यक्ष रॉडनी फ्रेलिंगहायसन यांनीही माघार घेतली. त्यांची जागा २०१८ मध्ये मिकी शेरिल या नौदलातल्या माजी हेलिकॉप्टर वैमानिकाने जिंकली. त्याच वर्षी सीआयएतल्या माजी अधिकारी ॲबिगेल स्पॅनबर्गर यांनी व्हर्जिनियातली एक रिपब्लिकन जागा काबीज केली. चांगले उमेदवार उभे राहतील की थांबतील, जुने सदस्य लढतील की घरी जातील, देणगीदार हात मोकळा सोडतील की आखडता घेतील, हे सारे निकालांनंतरच्या हिवाळ्यातच ठरते. निकालांचा खरा वजनदार परिणाम तोच आहे.

शेरिल आणि स्पॅनबर्गर या दोघीच नोव्हेंबर २०२५ मध्ये आपापल्या राज्यांच्या गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. वर्षापूर्वी कमला हॅरिस यांनी ही दोन्ही राज्ये सुमारे सहा टक्क्यांच्या फरकाने राखली होती. आता हा फरक न्यू जर्सीत सुमारे १४ आणि व्हर्जिनियात सुमारे १५ टक्क्यांवर गेला. व्हर्जिनियाच्या लेफ्टनंट गव्हर्नरपदी हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी आल्या. न्यूयॉर्कमध्ये झोहरान ममदानी महापौर झाले. स्पॅनबर्गर यांचा मध्यममार्ग आणि ममदानी यांचा समाजवाद यांपैकी पक्षाचा पुढचा रस्ता कोणता, हे त्या दिवसाने ठरवले नाही. पण राहणीमानाचा खर्च हा विषय तिघांच्याही प्रचारात पुढे होता, आणि दोन्ही पक्षांनी तो लगेच उचलला.

दरम्यान विषम वर्षांचा प्रदेश हळूहळू आक्रसतो आहे. २०१३ च्या महापौर निवडणुकीत लॉस एंजेलिसमध्ये नोंदणीकृत मतदारांपैकी चौथा हिस्साही मतदानाला आला नाही. २०१५ मध्ये तिथल्या नागरिकांनी शहराच्या निवडणुका सम वर्षांत नेण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कमी मतदानाच्या शहरांना हाच मार्ग कायद्याने दाखवला. मतदार वाढणे हे कोणत्याही पक्षयंत्रणेच्या भीतीपेक्षा मोठे आहे, त्यामुळे हा बदल स्वागतार्हच मानायला हवा. व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीचे वर्ष मात्र आहे तिथेच आहे. या राज्यांतली गव्हर्नरपदाची पुढची निवडणूक नोव्हेंबर २०२९ मध्ये, नव्या अध्यक्षाच्या पहिल्याच वर्षात येईल, आणि व्हर्जिनियाच्या नियमानुसार स्पॅनबर्गर यांना तेव्हा उभे राहता येणार नाही.