विजयालक्ष्मीची कैवारी : बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे

बुलढाणा जिल्ह्याचे नाव निघाले की सिंदखेडराजाच्या जिजाऊंचे स्मरण प्रथम होते, आणि ते योग्यच आहे. परंतु याच जिल्ह्याच्या भूमीत आणखी दोन स्त्रिया होऊन गेल्या, ज्यांनी दुसऱ्याच्या दुःखाला आपले मानणे हाच धर्म समजला. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या या प्रसंगी त्यांची आठवण ठेवणे अगत्याचे आहे.

पहिली संत सोयराबाई. देऊळगावराजा तालुक्यातील मेहुणाराजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. सोयराबाई त्यांच्या पत्नी. ज्या पंढरीनाथाचे नाम या दांपत्याच्या मुखी अखंड होते, त्याच्या मंदिराचा उंबरठा त्यांना ओलांडता आला नाही. चोखोबांची समाधी आजही महाद्वाराबाहेर आहे. स्त्रीला विटाळाच्या नावाने दूर बसविणाऱ्यांना सोयराबाईंनी आपल्या अभंगांतून विचारले की, ज्यातून प्रत्येक देह घडतो तेच अपवित्र असेल तर सोवळा म्हणावा तरी कोणाला? या प्रश्नाचे उत्तर शास्त्रीमंडळींनी दिल्याचे ऐकिवात नाही.

त्यानंतर पाच शतके लोटली. वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली होता. बुलढाण्यास डेप्युटी कमिशनर कचेरीत बापूजी हरी शिंदे हे हेडक्लार्क होते. सत्यशोधक समाजाच्या विचारांचे हे गृहस्थ. मुलींना शिकविणे निंद्य गणले जाई त्या काळी त्यांनी आपली कन्या ताराबाई हिला लिहावाचावयास शिकविले. घर मराठ्यांचे, चालरीत पडद्याची. ताराबाईंनी स्वतःच आपण घरात कोंडलेल्या आहोत असे लिहून ठेवले आहे.

इ. स. 1881 मध्ये सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. लोकलज्जेस्तव आपल्या नवजात अर्भकाची हत्या केल्याचा आरोप तिच्यावर शाबीत होऊन तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात मुंबई हायकोर्टाने ती कमी केली. तथापि काही वृत्तपत्रांनी या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतले. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी अशाच अभागी विधवांसाठी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. म्हणजे रोग कोठे आहे हे जाणणारे लोक होते, पण थोडे.

ताराबाईंनी ती टीका वाचली आणि लेखणी उचलली. सुरतेची ती बाई त्यांच्या जातीची नव्हे, प्रांताची नव्हे, ओळखीची तर नव्हेच. तरीही तिच्या पापाची चर्चा न करता तिच्यावर काय गुदरले असेल, याचाच विचार त्यांनी केला. पुनर्विवाह करू द्यायचा नाही, डोक्यावरचे केस काढायचे, शुभकार्यात तोंड पाहायचे नाही, आणि भुलविणारा पुरुष मात्र नामानिराळा! मग अर्भकाचा बळी घेणारे खरे हात कोणाचे?

पुराणे त्यांनी बारकाईने ऐकली-वाचली होती, हे पानोपानी दिसते. पती हा स्त्रीचा देव, असे म्हणता, तर त्याने देवासारखे वागून दाखवावे, असे त्या म्हणतात. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोसाठी यमाच्या दारी गेलेला एक तरी पुरुष दाखवा, असेही त्या विचारतात. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणाऱ्या किती पिढ्यांच्या मनात हा प्रश्न येऊन गेला असेल! देवदिकांच्या वर्तनावरही त्यांनी बोट ठेवले. भाविक मनाला ते टोचते, हे खरे. पण स्त्री व पुरुष दोघांनाही निर्माण करणाऱ्या ईश्वरालाच त्या साक्षीस बोलावतात, हे विसरून चालणार नाही.

‘स्त्रीपुरुषतुलना’ हे त्यांचे पुस्तक 1882 मध्ये पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती 500, किंमत 9 आणे. भाषा रोखठोक, घरगुती, ठिकठिकाणी जात्यावरच्या बोलण्यासारखी. त्यावर टीकेचा भडिमार झाला. आश्चर्य असे की सुधारकांपैकी काहींनाही ते रुचले नाही. जोतीरावांनी मात्र 1885 साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेऊन आपल्याच सहकाऱ्यांना खडसावले.

ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. आहे तेही विस्मृतीत गेले. पुढे संशोधक स. गं. मालशे यांच्या हाती त्याची प्रत लागली व त्यांनी 1975 साली ते पुन्हा छापून प्रसिद्ध केले, तेव्हा बुलढाण्याच्या या कन्येचे नाव महाराष्ट्राला नव्याने कळले.