दोष एसएमपीएसचाच, हे कशावरून?

कॉम्प्युटरमध्ये नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मशीन मधूनच बंद पडायला लागलं, की आपल्याकडे एकच उत्तर मिळतं: "एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कमी पडतोय, मोठ्या वॉटचा टाका." लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर हेच ऐकू येतं, तालुक्याच्या गावातल्या रिपेअरिंगच्या दुकानात हेच, आणि घरातला कॉलेजात जाणारा भाचाही हेच सांगतो. इतक्या तोंडून एकच गोष्ट आली की ती खरी वाटायला लागते. माझं म्हणणं असं, की हा अंदाज आहे आणि त्याला निदानाचा मान देणं थांबवायला हवं. अंदाज कधी कधी बरोबर निघतो. पण ज्या कारणांवर तो उभा केला जातो ती कारणं टिकत नाहीत, आणि तो चुकतो तेव्हा माणसाचे पैसे तर जातातच, कधी कधी डेटाही जातो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो मांडणारे लोक अडाणी नाहीत. ते म्हणतात: कार्ड येण्याआधी मशीन दोन-तीन वर्षं विनातक्रार चाललं. कार्ड आलं आणि बंद पडू लागलं. कार्ड वीज खातं, तेव्हा वीज कमी पडते हे उघड आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नेल-पॉवर ४१' अशी नोंदही सापडते. आता तर मशीनच सांगतंय की पॉवरचा प्रॉब्लेम आहे. आणि सगळ्यांत भक्कम पुरावा अनुभवाचा: एसएमपीएस बदलला की बरीच मशीनं खरोखर चालायला लागतात.

यातला इव्हेंट व्ह्यूअरचा मुद्दा सगळ्यांत लवकर निकालात निघतो. कर्नेल-पॉवर ४१ ही नोंद मशीन बंद पडताना लिहिलीच जात नाही. पुन्हा सुरू झाल्यावर विंडोजला दिसतं की मागच्या वेळी रीतसर शटडाउन झालं नव्हतं, आणि तेवढंच ते लिहून ठेवतं. कोणी प्लग ओढला, हँग झालं म्हणून बटण दाबून धरलं, रॅम बिघडून मशीन कोसळलं, सगळ्याला नोंद एकच. त्या नोंदीत 'बगचेक कोड' नावाचा एक रकाना असतो. तिथे शून्य सोडून दुसरा आकडा असेल, तर मशीन ब्ल्यू स्क्रीन होऊन गेलेलं असतं आणि शोध ड्रायव्हरकडे किंवा रॅमकडे वळवावा लागतो. शून्य असेल, तर विंडोजला कारण लिहायला सवडच मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. नावात 'पॉवर' आहे म्हणून एसएमपीएसला दोषी धरणं म्हणजे पंचनामा न वाचता त्याच्या मथळ्यावरून शिक्षा सुनावणं.

'कार्ड आलं आणि बंद पडू लागलं' या मुद्द्याला मात्र थोडा वेळ द्यायला हवा. आपल्या न्यायशास्त्रात धूर आणि अग्नी यांचं उदाहरण सगळ्यांना पाठ असतं, पण त्याची उलटी बाजू फारशी कोणी सांगत नाही. धूर असेल तिथे अग्नी असतो. अग्नी असेल तिथे धूर असतोच असं नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला नैयायिक 'उपाधी' म्हणतात, आणि उपाधी लपलेली असेल तर सगळं अनुमान फसतं. ग्राफिक्स कार्ड हा अग्नी मानला, तर मशीन बंद पडण्यासाठी आणखी काय लागलं? ते ओलं सरपण कुठे आहे?

मागच्या लग्नसराईत कराडचा एक व्हिडिओ एडिटर मशीन घेऊन माझ्याकडे आला. लग्नांचे व्हिडिओ करतो. आय५-१२४०० प्रोसेसर होता, त्यात त्याने आरटीएक्स ३०६० कार्ड टाकलं होतं. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की दुपारनंतर कधीतरी मशीन फट्‌दिशी बंद. दुकानदाराने सवयीप्रमाणे सल्ला दिला, आणि याने जुना ४५० वॉटचा एसएमपीएस काढून ७५० वॉटचा घेतला. "काका, साडेसातशेचा टाकला तरी तेच. उलट आता जास्तच वेळा जातं," तो म्हणाला.

मी आधी जुन्या एसएमपीएसचं लेबल पाहिलं. १२ व्होल्टच्या रकान्यात ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॉट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, तेव्हा बघायचा तो हा रकाना. तो प्रोसेसर अगदी जोरात धावला तरी ११७ वॉट, कार्ड १७०, बोर्ड, डिस्क आणि पंखे मिळून ४०-५०. बेरीज साडेतीनशेच्या आत. हिशोबात काहीच कमी पडत नव्हतं. मशीन माझ्या टेबलावर सहा तास रेंडर करत राहिलं, एकदाही बंद पडलं नाही. मग नवा काढून तोच जुना ४५० वॉटचा जोडला आणि पुन्हा लावलं. तरी नाही. कार्ड तेच, काम तेच, 'कमी पडणारा' एसएमपीएससुद्धा तोच, आणि दोष गायब! कारण जर मशीनच्या आत असतं, तर ते मशीनबरोबर माझ्याकडे आलं असतं. म्हणजे कारण मागे त्याच्या गाळ्यातच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी नवा एसएमपीएस परत बसवून मशीन घेऊन गाळ्यावर गेलो. टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस होता. या यूपीएसवर ६०० हा आकडा ठळक असतो. खरी क्षमता ३६० वॉट, तीही बॅटरी नवी असताना. याची बॅटरी तीन वर्षांची. वॉटमीटर लावून रेंडर सुरू केलं: मॉनिटर धरून ३४५ वॉट. चार वाजून गेल्यावर शेजारच्या पिठाच्या गिरणीत मोटर सुरू झाली. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. ट्यूबलाइट क्षणभर मंदावली. यूपीएसमध्ये खट्‌कन रिले पडला, एक बीप आली, आणि स्क्रीन काळा. लाइट गेली नव्हती, फक्त व्होल्टेज खाली बसलं होतं. तेवढ्यात यूपीएस बॅटरीवर गेला, आणि १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या त्या लहानशा थकलेल्या बॅटरीवर एकदम ३० अँपिअरच्या वर भार आला. तिने मान टाकली. कार्ड नव्हतं तेव्हा हाच भार दीडशे वॉटच्या आत होता, म्हणून गिरणी तेव्हाही सुरू व्हायची आणि कोणाला पत्ता लागायचा नाही.

पडताळणी अन्वय-व्यतिरेकाने केली, म्हणजे संशयित गोष्ट ठेवून आणि काढून पाहिली. यूपीएस बाजूला ठेवून मशीन थेट भिंतीच्या प्लगला लावलं, रेंडर चालू ठेवलं, गिरणी पुन्हा सुरू होऊ दिली: चालू राहिलं. यूपीएस परत जोडला, रेंडर थांबवलं, यूपीएसचा प्लग मुद्दाम ओढला: चालू राहिलं. रेंडर लावून प्लग ओढला: बंद. थकलेला यूपीएस हेच ते ओलं सरपण.

७५० वॉटचा एसएमपीएस घेऊन काहीच फरक का पडला नाही, हेही इथे दिसतं. एसएमपीएस जेवढी गरज तेवढीच वीज घेतो. लेबलवरचा आकडा मोठा झाला म्हणून भिंतीतून जास्त येत नाही आणि यूपीएसवरचा भार कमीही होत नाही. उलट नव्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी असतो, आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना जी पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो ती या सर्किटला पुष्कळदा झेपत नाही. 'उलट जास्तच वेळा जातं' यामागे मला हे कारण दिसतं.

आता अनुभवाचा पुरावा: "बदलला आणि चाललं." हा युक्तिवाद मी आदराने घेतो, कारण तो करणाऱ्यांनी शेकडो मशीनं उघडलेली असतात. पण एसएमपीएस बदलताना खरोखर काय काय बदलतं ते पाहा. बोर्डाचा २४ पिनचा प्लग निघतो आणि नव्याने घट्ट बसतो. प्रोसेसरचा ८ पिनचा प्लगही तसाच. कार्डाला आधी एकाच वायरीच्या दोन तोंडांनी वीज दिलेली असते, आता दोन स्वतंत्र वायरी येतात. कार्ड काढून परत लावलं जातं, धूळ झाडली जाते. भिंतीकडची पॉवर कॉर्डही नव्या खोक्यातली येते. एका पेचकसाच्या फेरीत सहा-सात गोष्टी बदलल्या आणि श्रेय एकीलाच मिळालं. यातली प्रत्येक गोष्ट एकटी दोषी असू शकते. ढिली बसलेली ८ पिनची वायर तर अपग्रेडनंतरच्या बिघाडांत मला वारंवार सापडते, कारण कार्ड बसवताना कोपर तिलाच लागतं.

वॉट मुबलक असतानाही जोडणीने घात केल्याचं मोठं उदाहरण जगासमोर घडलं आहे. २०२२च्या ऑक्टोबरात आरटीएक्स ४०९० आलं. त्याला ६०० वॉटपर्यंत वीज नेणारा १६ पिनचा नवा कनेक्टर होता. काही दिवसांतच तो वितळल्याचे फोटो येऊ लागले. हे कार्ड घेणारी माणसं एसएमपीएसमध्ये काटकसर करणारी नव्हती. नोव्हेंबरात ते बनवणाऱ्या एनव्हिडियाने सांगितलं, की जगभरातून अशा सुमारे ५० तक्रारी आल्या आणि प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यातलं समान कारण दिसतं. पुढच्या वर्षी कनेक्टर सुधारला गेला: सूचना देणाऱ्या चार बारीक पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग पुरता बसला नसेल तर कार्डाने वीजच ओढू नये. कनेक्टर बनवणाऱ्यांनीही दोष वॉटमध्ये शोधला नाही, बसण्यात शोधला.

या प्रचलित सल्ल्यावर माझा राग आहे तो मात्र दुसऱ्याच कारणाने. हल्लीच्या मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी दोन्ही टोकांना सुटतात. बोर्ड आणि डिस्क यांच्याकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी मात्र प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असते. प्लग मात्र आत बसतो. "कॅबिनेटमधल्या वायरी आहेत तशाच राहू द्या, नुसता डबा बदला" असं म्हणून काम उरकलं, तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊ शकतात. अशा रीतीने जळालेल्या दोन हार्ड डिस्क मी हातात धरल्या आहेत. एकीत एका कुटुंबाचे बारा वर्षांचे फोटो होते. मूळ दोष काय होता? रॅमची एक पट्टी नीट बसली नव्हती. ज्याला गरज नव्हती त्या उपचाराने ते फोटो गेले, आणि हे मला अजूनही सलतं.

पूर्वपक्ष जिथे खरा आहे तिथे तो मान्य करतो. बाजारात असे डबे विकले गेले आहेत ज्यांच्यावर ४५० वॉट छापलेलं असतं आणि १२ व्होल्टच्या रकान्यात जेमतेम १४ अँपिअर, म्हणजे १६८ वॉट. अशावर १७० वॉटचं कार्ड लावलं तर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरं, आधुनिक कार्डं सरासरीने ३०० वॉट घेत असली तरी सेकंदाच्या अगदी बारीक अंशासाठी त्याच्या दुप्पट-तिप्पट उसळी घेतात. २०२२च्या एटीएक्स ३.० या मानकाने म्हणूनच अट घातली, की मोठ्या कार्डांसाठीच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या २०० टक्के भार सोसावा. पण या दोन्ही ठिकाणीही उत्तर 'मोठा वॉट' हे नाही. पहिल्यात बघायचा तो १२ व्होल्टचा रकाना, दुसऱ्यात डब्याची बांधणी आणि त्याचं मानक. '८० प्लस गोल्ड'ची चिठ्ठी यातलं काहीच सांगत नाही. ती वीज किती वाया जाते एवढंच सांगते.

एक गैरसमज वीज कमी पडण्याच्या नावाखाली उगाच फिरतो, तोही इथेच काढून टाकतो. डीडीआर५ रॅमचं नवं मशीन पहिल्यांदा सुरू केलं की रॅमची जुळणी करायला बोर्ड वेळ घेतो. पंखे फिरतात, स्क्रीन काळा राहतो, कधी कित्येक मिनिटं. घाबरून बटण दाबत राहिलं की जुळणी पुन्हा पहिल्यापासून. तिथे थांबणं हाच उपाय.

"हे सगळं ठीक आहे, पण गिऱ्हाईक थांबत नाही," असं एक दुकानदार मला म्हणाले. त्यांची अडचण खरी आहे. तरी डबा विकण्याआधी अर्ध्या तासात एवढं होतं. मशीन यूपीएसशिवाय थेट प्लगला लावून तेच काम चालवून पाहायचं. बंद पडल्यावर ते कसं वागतं ते पाहायचं: आपोआप पुन्हा सुरू होतं, की मागचं बटण बंद करून थोडं थांबल्याशिवाय हूं की चूं करत नाही? पहिलं असेल तर बोर्ड, रॅम, प्रोसेसर, विंडोज हे सगळे संशयित उरतात. दुसरं असेल तर एसएमपीएसच्या संरक्षणाने स्वतःला कुलूप घातलेलं असतं, आणि आता कुठे त्याच्यावर किंवा शॉर्टवर संशय घ्यायला आधार मिळतो. सगळे प्लग एकदा काढून घालायचे, आणि फक्त तेवढंच करून पुन्हा चालवायचं. कार्ड काढून एक दिवस बघायचं. हिरवी आणि काळी वायर जोडून 'पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस चांगला' असं ठरवण्यावर मात्र विसंबू नये. भार नसताना फिरणारा पंखा भाराखाली १२ व्होल्टचे ११.४च्या खाली तर जात नाहीत ना, हे सांगू शकत नाही.

आणि गिऱ्हाइकाला विचारायचं: किती वाजता बंद पडतं, तेव्हा काय चालू असतं, आजूबाजूला काय सुरू होतं? कराडच्या त्या पोराने मला नंतर मोबाइलमधल्या नोंदी दाखवल्या. आठ दिवसांत अकरा वेळा बंद पडलं होतं. त्यातल्या नऊ वेळा दुपारी चार ते साडेपाचच्या दरम्यान, गिरणीत दळण टाकायला बायका येतात त्या वेळी. काउंटरवर हा प्रश्न कोणी विचारला असता, तर साडेसातशेचा खोका उघडावाच लागला नसता.