नेमबाज-मंडळाचा नवा सभासद

महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्याच्या वाट्याला शिफारसपत्रे लिहिण्याचे काम येतेच. शिष्यवृत्तीसाठी, वसतिगृहासाठी, परदेशी विद्यापीठासाठी आम्ही ती आजवर शेकड्यांनी लिहिली. परंतु मध्यंतरी आमच्या वर्गातील एका मुलीने गावातील रायफल क्लबाच्या सभासदत्वाचा अर्ज पुढे ठेवून वर्तणुकीचा दाखला मागितला, तेव्हा आम्ही तो कागद जरा कुतूहलाने वाचला. ग्रंथालयाचा अर्ज वर्गणी विचारतो, नाटकमंडळी आवाज पारखते. येथे मात्र नेम येतो की नाही याची चौकशीच नव्हती. अर्जदार कोण, राहतो कोठे, त्याच्यावर एखादा गुन्हा दाखल आहे काय, आणि त्याच्याविषयी हमी देणारी दोन माणसे कोण, एवढेच त्या कागदाला जाणून घ्यावयाचे होते. हातात बंदूक देण्यापूर्वी माणसाची ओळख पटवून घेणे हे शहाणपणाचेच होय. पण ही ओळख कोणाची पटते व कोणाची पटत नाही, हे ठरविण्याचा अधिकार निरनिराळ्या काळी कोणी व कसा वापरला, हा इतिहासाचा विषय आहे. आणि त्या इतिहासात आपल्या देशाचे एक दुखणे दडलेले आहे.

नेमबाजांची मंडळे युरोपात फार जुनी. जर्मन व डच शहरांतून मध्ययुगापासून धनुर्धरांचे आणि पुढे बंदूकधाऱ्यांचे संघ असत. उंच काठीवर लाकडी पक्षी बसवून तो पाडावयाचा आणि पाडणाऱ्याने वर्षभर ‘राजा’ म्हणून मिरवावयाचे, अशी त्यांची मौज असे. रेम्ब्रांटचे १६४२ मधील जगप्रसिद्ध चित्र, ज्याला लोक ‘रात्रीचा पहारा’ म्हणून ओळखतात, ते अशाच एका ॲम्स्टरडॅमच्या बंदूकधारी संघातील मंडळींचे आहे. चित्रातील आपापल्या जागेच्या मानाने प्रत्येकाने सुमारे शंभर गिल्डर दिले होते. म्हणजे संघात शिरणे ही शौर्याची बाब होती तशीच ती प्रतिष्ठेची आणि खर्चाचीही होती. स्वित्झर्लंडात १८२४ साली आराऊ येथे निरनिराळ्या परगण्यांचे नेमबाज एकत्र आले व त्यांचा देशव्यापी संघ स्थापन झाला. त्या देशाला एकसंध राज्यघटना मिळाली ती १८४८ साली. म्हणजे राष्ट्राच्या आधी तेथे नेमबाजांचा संघ झाला, असे म्हटले तरी चालेल.

परंतु ज्या घराण्यातून आपल्याकडील रायफल क्लब उतरला, ते घराणे इंग्लंडातले. १८५८-५९ च्या सुमारास तिसरा नेपोलियन खाडी ओलांडून येणार, अशी धास्ती इंग्रजांच्या मनाने घेतली होती. मे १८५९ मध्ये युद्धमंत्री जोनाथन पील यांनी हौशी सैनिकांची, म्हणजे व्हालंटियरांची पथके उभारण्यास परवानगी दिली. त्याच महिन्यात टेनिसनची रायफलधाऱ्यांना हाक देणारी कविता ‘टाइम्स’मध्ये छापून आली, आणि दोनतीन वर्षांच्या आत दीड लाखाहून अधिक माणसे या पथकांत दाखल झाली. ही माणसे कोण होती, ते पाहण्यासारखे आहे. सैन्यात जाणारा इंग्रज एकतर सरदारपुत्र नाहीतर पोटासाठी आलेला मजूर असे. व्हालंटियर झाला तो या दोहोंमधला वर्ग: वकील, कारकून, दुकानदार, शाळामास्तर, चित्रकार. प्रारंभी गणवेश स्वखर्चाने शिवावयाचा, मंडळाची वर्गणी भरावयाची, अशी रीत असल्यामुळे मजुराला ते दार बंदच होते; ही गोष्ट इंग्रज ग्रंथकार थोडी हळू आवाजात सांगतात.

लंडनच्या चित्रकारांचे एक पथक होते. त्यात मिले, लेटन, रॉसेटी आणि कवी विल्यम मॉरिस ही मंडळी होती. मॉरिस डावीकडे वळण्याचा हुकूम होताच उजवीकडे वळत आणि समोरासमोर आलेल्या सोबत्याची क्षमा मागत, अशी आख्यायिका आहे. वकिलांचेही पथक होते. त्याला ‘सैतानाची खाजगी पलटण’ अशा अर्थाचे टोपणनाव पडले होते. तिसऱ्या जॉर्ज राजाने पूर्वीच्या नेपोलियनच्या काळी अशाच पथकाची पाहणी करताना हे सगळे वकील आहेत असे ऐकले व हे नाव दिले, असे सांगतात. लंडनच्या ज्या चार विधिमंदिरांत बॅरिस्टर घडतात, तेथली ही मंडळी. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

एवढ्या लोकांना नेम धरावयास शिकवावयाचे तर त्यासाठी एक मध्यवर्ती संस्था हवी, म्हणून १८५९ च्या अखेरीस राष्ट्रीय रायफल संघ निघाला. २ जुलै १८६० रोजी विंबल्डनच्या माळावर त्याची पहिली सभा भरली. पहिला बार खुद्द व्हिक्टोरिया राणीने काढला. व्हिटवर्थ रायफल लोखंडी आधारावर घट्ट बसवून तिचा नेम आधीच साधून ठेवला होता आणि चापाला रेशमी दोरी बांधली होती. राणीने दोरी ओढली, आणि चारशे यार्डांवरच्या लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचावर गोळी बसली. राज्यकर्त्यांच्या नेमबाजीत असे पूर्वतयारीचे भाग्य पुष्कळदा असते. पण त्या रेशमी दोरीमागचा अर्थ खोल होता. राणी आपल्या प्रजेतील वकील-कारकुनांना जणू सांगत होती की, तुमच्या हातात शस्त्र असले तरी आमची झोप उडत नाही. त्या सामन्यांचे मोठे बक्षीस राणीच्याच नावाचे, अडीचशे पौंडांचे होते. १८९० पासून हे सामने बिस्ली येथे भरू लागले. बोअर युद्धात शेतकऱ्यांच्या अचूक नेमाने इंग्रज फौजेची दाणादाण उडाल्यावर दाराची कडी आणखी सैल झाली. खेड्यापाड्यांतून रायफल क्लब काढा, असे १९०० साली पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरीच सांगू लागले, आणि कामकरी लोकांसाठी लहान बोअरच्या स्वस्त बंदुकांचे क्लब निघाले. १९३० साली तर बिस्लीचे ते मानाचे पारितोषिक मार्जरी फॉस्टर या बाईने फौजी नेमबाजांना मागे टाकून जिंकले.

आता याच राणीच्या दुसऱ्या प्रजेकडे वळू. विंबल्डनला अठरा वर्षे होतात न होतात तोच, १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा झाला. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही झाला. तो दुसरा कायदा रिपनने १८८२ साली काढून टाकला. पहिला मात्र स्वराज्य येईपर्यंत, किंबहुना त्यानंतरही काही वर्षे, टिकला. परवान्यावाचून शस्त्र बाळगू नये, एवढेच त्यात असते तर त्याविषयी फारशी तक्रार करण्याचे कारण नव्हते. दंश होता तो सवलतींच्या यादीत. युरोपियन व अँग्लो-इंडियन यांना परवान्याची अट नव्हती. कूर्गच्या लोकांसारखा एखादा अपवाद सोडला तर बाकीच्या हिंदी माणसाला ती होती. म्हणजे ओळख पटविण्याचा प्रश्नच उरला नाही. जन्माने तो आधीच निकालात काढला होता. व्हालंटियर पथके हिंदुस्थानातही होती. मुंबईचे रायफल पथक १८७७ चे. परंतु तुरळक अपवाद वगळता त्यांत सभासद होत ते गोरे व अर्धगोरे.

१८८५ च्या मार्चमध्ये पंजदेह येथे रशियन फौज अफगाणांवर तुटून पडली आणि रशिया हिंदुस्थानवर येणार अशी हूल उठली. इंग्लंडात १८५९ साली फ्रेंचांच्या धास्तीने जे घडले, नेमके तेच येथे घडू लागले. सुशिक्षित हिंदी लोक, वकील, कारकून, शाळामास्तर, व्हालंटियर होण्यासाठी अर्ज करू लागले. धास्ती सारखी, वर्ग सारखा, उत्साहही सारखा. उत्तर तेवढे निराळे आले. लॉर्ड डफरिनच्या सरकारने त्यांना नकार दिला. १८८६ साली दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली कलकत्त्यास भरलेल्या राष्ट्रीय सभेत यावर ठराव आला. औधमधील राजा रामपालसिंग हे तेथे कळवळून बोलले. एका लढवय्या समाजाला तुम्ही लेखणी घासणाऱ्या भित्र्या मेंढरांचा कळप करीत आहात, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. बोलणारा गृहस्थ तालुकदार होता, क्रांतिकारक नव्हे. म्हणून त्या बोलण्याचे वजन आम्हांस अधिक वाटते.

पुढच्याच वर्षी, १८८७ च्या डिसेंबरात, मद्रासच्या अधिवेशनात शस्त्रांच्या कायद्यावर ठराव झाला. अध्यक्ष होते बद्रुद्दिन तय्यबजी. हे मुंबईचे पहिल्या पिढीतील हिंदी बॅरिस्टर. १८६७ साली लंडनच्या मिडल टेंपलमधून त्यांनी सनद घेतली. आणि मिडल टेंपल हे वर सांगितलेल्या चार विधिमंदिरांपैकी एक. १८६० पासूनची बरीचशी वर्षे त्यांनी लंडनात विद्यार्थी म्हणून काढली होती. आपल्याच विधिमंदिरातले इंग्रज सहाध्यायी गणवेश चढवून कवायतीला निघालेले त्यांच्या दृष्टीस पडले नसतील असे आम्हांस वाटत नाही. तोच कायदा, तीच पदवी, भोजनाची मेजेही तीच. फरक इतकाच की त्यांतल्या एकाच्या हातात त्याच्या राणीने बंदूक दिली आणि दुसऱ्याला परवान्यासाठी रांगेत उभे केले. काँग्रेसच्या आरंभीच्या पुढाऱ्यांना आपण आज ‘नेमस्त’ म्हणून सहज बाजूला सारतो. त्यांच्या अर्जविनंत्यांच्या गुळगुळीत इंग्रजीखाली हा अपमान किती धगधगत होता, ते आमच्या पाठ्यपुस्तकांतून फारसे दिसत नाही.

या सर्वांत गेले काय, याविषयी आमचे मत रूढ मताहून थोडे निराळे आहे. लोक म्हणतात, शस्त्रे गेली. संस्थानिकांच्या शिकारखान्यांत शस्त्रे भरपूर होती, आणि शिकारीच्या गोष्टी सांगणाऱ्यांची वाणही आपल्याकडे कधी पडली नाही. गेली ती संस्था: परक्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून, एकाच्या हुकुमाने बार काढणे व त्याच्याच हुकुमाने थांबणे, आणि चुकलेल्या नेमाची नोंद चारचौघांसमोर आपल्या हाताने करणे. हे शिक्षण शिकारीत मिळत नाही. तेथे चुकलेला नेम संध्याकाळपर्यंत बसलेला होऊ शकतो.

पहिल्या महायुद्धाने थोडी फट पडली. माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ च्या कायद्याने हिंदी संरक्षण दल निघाले व त्यात विद्यापीठांची पथके आली. पुढे त्यांतून विद्यापीठ शिक्षण पथके झाली. शस्त्रांच्या नियमांतील वर्णभेदही युद्धानंतर काढून टाकण्यात आला, मात्र परवाना देणारा हात तोच राहिला. १९४८ साली एन.सी.सी. स्थापन झाली. आमच्या पिढीतील पुष्कळांनी आयुष्यातील पहिली काडतुसे तिच्याच छायेत, चांदमारीच्या ओल्या गवतावर पालथे पडून उडविली आहेत. सिडनीच्या २००० च्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या अंजली भागवत याही एन.सी.सी.मधूनच नेमबाजीकडे वळल्या.

१९५१ साली भारताचा स्वतःचा राष्ट्रीय रायफल संघ निघाला. त्याचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. कूळ कोकणातले, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादेतली. गांधीजींबरोबर तुरुंग भोगलेले आणि पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले. अहिंसेच्या लढ्यातील शिपायाने बंदुकीच्या संघाचे अध्यक्षपद घ्यावे याचे काहींना नवल वाटते. आम्हांस वाटत नाही. ते जन्मले २७ नोव्हेंबर १८८८ रोजी, मद्रासच्या त्या ठरावाला वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा. आणि सभागृहात काय अन् चांदमारीवर काय, हुकूम होताच थांबणे हाच पहिला नियम असतो.

पुढे १८७८ च्या कायद्याच्या जागी १९५९ चा कायदा आला. त्याच्या तेराव्या कलमात एक लहानसे वाक्य आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबाचा सभासद लक्ष्यवेधाच्या सरावासाठी पॉइंट टू-टू बोअरची रायफल मागत असेल, तर परवाना अधिकाऱ्याने तो परवाना ‘द्यावा’, असे त्यात म्हटले आहे. नाकारण्याची कारणे पुढे दिली आहेत. परंतु आरंभ देण्यापासून आहे. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल मागणाऱ्याला आपली गरज सिद्ध करावी लागते. क्लबाच्या सभासदाची मात्र मागणीच रास्त धरली जाते. रामपालसिंगांच्या भाषणाला मिळालेले हे उत्तर, त्र्याहत्तर वर्षांनी आणि दुसऱ्याच सरकारकडून.

आजचा नवा सभासद क्लबात जातो तेव्हा आरंभी काही दिवस त्याला छर्रा मिळतच नाही. रिकामी बंदूक खांद्याशी धरावयाची, श्वास सोडावयाचा, चाप ओढावयाचा, आणि काहीही उडत नसताना नळी हलली काय ते पाहावयाचे. नळीचे तोंड नेहमी लक्ष्याकडे. पुढे कोणी माणूस गेला असेल तर बंदुकीला हात लावावयाचा नाही. ‘स्टॉप’ म्हटले की अर्धवट ओढलेला चापही सोडावयाचा. दहा मीटरच्या एअर रायफलीत दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याच्यासमोर डॉक्टर, रिक्षावाल्याचा मुलगा आणि जमीनदाराची सून यांची प्रतिष्ठा सारखीच. मात्र त्या ठिपक्यासमोर येईपर्यंत ती सारखी नसते, हेही सांगितले पाहिजे. परदेशी बनावटीची रायफल, कॅनव्हास-चामड्याचा कोट, छर्ऱ्यांचे डबे, प्रशिक्षकाची फी, या सर्वांचा हिशेब सामान्य नोकरदाराच्या घराला धाप लावणारा आहे. १८५९ च्या इंग्रज मजुराला गणवेशाने जेथे अडविले, तेथे आपल्या खेड्यातील मुलाला ही बंदूक अडविते. जन्माची अट गेली, खर्चाची राहिली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेत्या झाल्या आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळविले, याचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु अशा घरांनी काढलेल्या कर्जांचा इतिहास अद्याप कोणी लिहिलेला नाही, आणि तो लिहिला जावा असे आम्हांस वाटते.

नेमबाजीत पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धेपूर्वीची एक पायरी आज मावळंकरांच्या नावाने ओळखली जाते. क्लबाच्या व्हरांड्यात ‘तुझे मावळंकर झाले का?’ असा प्रश्न एकमेकांस विचारलेला ऐकू येतो. त्यात मावळंकर हा माणूस नसतो. गुणांचा एक आकडा असतो.